मृगापूर्वीचा आकडा
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केला आहे. तेव्हा मिळालेला वेळ आम्ही एका व्यवहाराच्या गोष्टीसाठी वापरणार आहोत.

आपला बिदर-कलबुर्गीचा मुलूख तुरीचा. तूर फुलावर आली की शेंगा पोखरणारी अळी येते, आणि तोवर पीक छातीला, कुठे डोक्याला लागलेले असते. पाठीवर पंप घेऊन गडी ओळीत शिरतो. फवारा झाडावर पडतो तसा त्याच्या तोंडावरही पडतो. आणि या विषाला आपण म्हणतो 'औषध'! भाषा शिकवणाऱ्याला हा शब्द फार खुपतो, कारण औषधाला कोणी भीत नाही.

अंगावर किती पडले हे मोजता येते. सन १९६२ मध्ये डरहॅम व वूल्फ या अमेरिकन संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत याची रीत मांडली. कामगाराच्या अंगावर ठिकठिकाणी शोषक पट्ट्या लावायच्या आणि काम संपल्यावर त्यांत किती विष उतरले ते तपासायचे. श्वासातून जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक विष कातडीवर पडते, असे या मोजणीतून दिसले. म्हणजे तोंडाला फडके बांधले की झाले, हा आपला समज अपुराच. पुढे १९७१ मध्ये पॅराथिऑनवर झालेल्या प्रयोगांत कोपराखालच्या हाताच्या मानाने कपाळातून सुमारे चौपट, काखेतून सातपट आणि जांघेच्या कोवळ्या कातडीतून त्याहूनही जास्त विष आत शिरते असे आढळले. गळक्या पंपाचे पाणी पाठीवरून कोठे उतरते, ते येथे बसलेल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

आता रक्ताविषयी. मज्जातंतूंचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. त्याला कोलीनएस्टरेज म्हणतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी विषे त्यालाच जखडून टाकतात. हुकूम पुसले जात नाहीत. लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. हे द्रव्य किती उरले ते रक्त तपासून कळते. मात्र सर्वच कीटकनाशके या तपासणीत सापडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

अडचण निराळीच आहे. निरोगी माणसांतही या द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. एखाद्याचे बरेचसे घटले, तरी प्रयोगशाळेच्या कागदावर तो 'ठीक' ठरू शकतो. म्हणून कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे की फवारणी करणाऱ्याचा हंगामापूर्वीचा आकडा आधी घ्यायचा. पुढे तो स्वतःच्याच आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतला ७० किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर उतरला की त्याला त्या कामावरून काढायचे.

सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. त्यांचा हंगामापूर्वीचा आकडा कोणापाशी असणार?

आधीचा आकडा नसला की दुसऱ्या गावाशी तुलना करावी लागते. केरळात कासरगोडच्या पद्रे गावावर काजूच्या मळ्यांसाठी हेलिकॉप्टरमधून वर्षानुवर्षे एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील ११७ मुलांची तुलना दूरच्या गावातील ९० मुलांशी केली. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्रेच्या मुलांच्या रक्तात ते विष कितीतरी अधिक सापडले. ही मुले काही पंप घेऊन शेतात गेलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये. तोपर्यंत तुरीवरही हेच विष मारले जाई.

तेव्हा आमची सूचना अशी. ट्रस्टने एक गाव निवडावे. तेथे मजुरीने फवारणी करणाऱ्यांचे रक्त मृगापूर्वी तपासून घ्यावे; त्याआधी महिनाभर त्यांचा विषाशी संबंध आलेला नसावा. तुरीची फवारणी संपत आली की पुन्हा तपासावे, आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळा एकच असावी, कारण पद्धत बदलली की आकडे जुळत नाहीत. दोन्ही आकडे माणसाच्या नावापुढे वहीत लिहावेत, आणि एक प्रत त्याच्या घरी द्यावी.

मालकांना हे आवडेल असे नाही. मजूरही कचरतील, आणि त्यांचे कारण खरे आहे. आकडा उतरला तर काम थांबणार, काम थांबले तर चूल थांबणार. म्हणून तपासणीच्या खर्चाबरोबर बुडालेल्या मजुरीचीही तरतूद ठरावात हवी; तिच्यावाचून वहीत नाव घालायला कोणी पुढे येणार नाही. गावातील फवारणी करणाऱ्यांची यादी आम्ही शिक्षक मंडळी वैशाखाच्या सुटीत घरोघर जाऊन करून देऊ. विश्वस्त मंडळींनी गाव तेवढे आज ठरवावे.