बाळसं धरायला काय द्यायचं?

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी डॉक्टर म्हणून काम करते. कमी दिवसांच्या बाळाला घरी सोडताना सगळे कागद समजावून झाले, की आजी हमखास विचारतात, "डॉक्टर, बाळसं धरायला काय द्यायचं?" तुम्ही इंदूरहून ऐकत असा, बेळगावहून किंवा हैदराबादहून, प्रश्न हाच असतो. फक्त आजी कधी समोर असतात, कधी व्हिडिओ कॉलवर. आज तेवढ्याबद्दलच बोलू.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ कमी दिवसांचं. लोह आणि कॅल्शियमची बरीचशी शिदोरी गर्भाला शेवटच्या तीन महिन्यांत मिळते, ती याला पुरती मिळालेली नसते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्यामुळे घरी आलेलं बाळ दूध ओढताना दमतं आणि पोट भरण्याआधीच झोपून जातं.

इथेच घरच्यांची फसगत होते. ३२ आठवड्यांचं एक बाळ १,८५० ग्रॅम वजनाचं होऊन घरी गेलं. आठ दिवसांनी तपासणीला आलं तेव्हा काट्यावर १,७९० ग्रॅम. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात सगळे कौतुक करत होते, "किती शहाणं बाळ, रडतच नाही, रात्री सलग सहा तास झोपतं." ते शहाणपण नव्हतं हो, त्याच्यात रडायची ताकद नव्हती. आईच्या दुधात काही कमी नव्हतं. ते बाळाच्या पोटात पुरेसं जात नव्हतं, एवढंच.

आम्ही दूध बदललं नाही, पद्धत बदलली. दर दोन-अडीच तासांनी गजर, रात्रीसुद्धा. दुपटं सैल करायचं, तळपाय चोळायचे, बाळाला जागं करून अंगावर घ्यायचं. नंतर काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. जुन्या घरांत चांदीचं बोंडलं असायचं ना, तेच. दक्षिणेत त्याच घाटाच्या भांड्याला पालडै म्हणतात. स्टीलचं चालतं, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून स्वच्छ करता येतं. बाटलीचं बूच आणि कोपरे तसे नीट निघत नाहीत. दहा दिवसांनी बाळ २,०५० ग्रॅम झालं. दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ म्हणजे गाडी रुळावर आहे.

काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस ठेवावं. ते उकळू नका. भांडं गरम पाण्यात धरून कोमट करा. काही बाळांना आईच्या दुधात मिसळायची पूड किंवा डब्याचं दूध लिहून दिलेलं असतं. त्याचं माप म्हणजे माप. वजन वाढावं म्हणून एक चमचा जास्त घालू नका आणि डबा पुरवायला पाणीही वाढवू नका.

आता बाळगुटी. मी हा विषय काढला की आजी नजर चुकवतात! घरोघरची ही रीत प्रेमाची आहे, मान्य. पण सहाण निर्जंतुक करता येत नाही, आणि किती वेढे उगाळले म्हणजे किती जायफळ पोटात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. त्यात जायफळाने बाळ गुंगतं, आणि याला तर आपण दुधासाठी उठवतोय. मध तर वर्षभर अजिबात नको, त्यातल्या बॉट्युलिनम जंतूंचा धोका असतो.

मग आजींनी काय करायचं? बाळाला उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण घ्यायचं. ही कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास असं धरायला सांगते. अंग उबदार राहिलं की खाल्लेलं दूध ऊब टिकवण्यात खर्च होत नाही, ते वाढीला लागतं. आई झोपलेली असताना आजी, बाबा, मावशी, कुणीही धरावं.

थेंब विसरू नका. ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट, आणि लोह साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यापासून, वजनाच्या हिशेबाने. प्रत्येक कंपनीच्या बाटलीची ताकद वेगळी असते, म्हणून दुकानदाराने दुसरी बाटली दिली तर माप पुन्हा विचारा. लोहाने शी काळपट होते. घाबरून औषध बंद करू नका.

वरचं अन्न कधी? दोन महिने आधी जन्मलेलं बाळ कॅलेंडरने सहा महिन्यांचं झालं, तरी ते खरं चार महिन्यांचंच. दिल्लीत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांचा एक अभ्यास झाला, २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. दुरुस्त वयाच्या चौथ्या महिन्यात अन्न सुरू केलेल्यांचं वजन वर्षाला सहाव्या महिन्यात सुरू केलेल्यांपेक्षा जास्त भरलं नाही. उलट त्यांना रुग्णालयात जास्त वेळा दाखल करावं लागलं. तेव्हा उष्टावणाचा मुहूर्त खुशाल पुढे ढकला. आणि सुरुवात डाळीच्या पाण्याने नको, त्यात पाणीच जास्त. चमच्यातून ओघळणार नाही असा मुगाच्या डाळीचा गुरगुट्या भात, वर तूप.

वजन शक्यतो एकाच काट्यावर, कपडे काढून करा. आशाताई येत असतील तर त्यांना जरूर करू द्या. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतल्या 'सर्च'च्या कामातून देशभर गेली.

दूध पिताना ओठ निळे पडले, हिरवी उलटी झाली, पोट फुगून टणक झालं, हातपाय थंड पडले किंवा दोन वेळा उठवूनही बाळ दूध घेईना, तर सकाळची वाट पाहू नका. बाळाला छातीशी धरूनच रुग्णालयात निघा, आणि निघताना घरी सोडल्याचा कागद बरोबर घ्या.