कुंपणावरची विषं



फळ्यावर विषय वाचून काहींना वाटलं असेल, हा माणूस दूरच्या जंगलातल्या वनस्पतींबद्दल बोलणार. मी बोलणार आहे तुमच्या कुंपणाबद्दल. कण्हेर, बिट्टी, रुई, गुंज, एरंड, चंद्रज्योत, धोतरा. धोतरा आणि रुई न बोलावता उगवतात. बाकीची बहुतेक आपणच हौसेनं लावतो. आणि खरं सांगायचं तर, त्यातली काही विषारी आहेत म्हणूनच लावलेली असतात. शेळी तोंड लावत नाही, पाणी घातलं नाही तरी तगतात, वर फुलं. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर दिसते ती काही उगीच नाही.

गणपतीच्या एकवीस पत्रींत कण्हेर, रुई आणि धोतरा तिन्ही आहेत. देवाला चालतं म्हणजे पोटाला चालतं, असा घोटाळा पूर्वी सहसा होत नसे, कारण पत्री खुडणाऱ्या पोराला घरचं कुणीतरी आधी हात धुवायला पिटाळत असे. आता पत्रीचा जुडा बाजारातून येतो. त्यातलं कुठलं पान कशाचं, हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

बिट्टीचं घ्या. पिवळी, घंटेसारखी फुलं, हिरवं फळ, आत टणक बी. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, पण आपण तिला इतकं घरचं केलं की मुलं बिट्ट्या खेळण्यात लहानाची मोठी झाली. खेळ चालेल, चावणं नाही. तिच्यातलं विष हृदयावर चालतं. ठोके मंदावतात, मग त्यांची लय बिघडते. कण्हेरीचंही तेच. श्रीलंकेत 1980 नंतर बिट्टीच्या विषबाधेचं प्रमाण इतकं वाढलं की तिथल्या रुग्णालयांवर त्याचा मोठा ताण पडला. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाविरुद्धची प्रतिपिंडं या विषावरही उपयोगी पडतात, हे तिथल्याच रुग्णांवरच्या अभ्यासातून 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. उतारा आहे, पण महाग आहे.

चंद्रज्योतीची गोष्ट वेगळी. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीनं जैवइंधनाचा अहवाल दिला आणि जिकडेतिकडे तिची लागवड सुरू झाली. तेलाचं स्वप्न बहुतांशी विरलं, झुडपं राहिली, काही शाळांच्या कुंपणालाही. या बियांचा घात असा की त्या कडू नाहीत, शेंगदाण्यासारख्या लागतात. एक पोरगं खातं, दुसऱ्याला देतं, आणि तासाभरात वर्गातल्या कितीतरी मुलांना उलट्या सुरू होतात. बहुतेक मुलं बरी होतात, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं तर लहान लेकराचं अवघड होतं.

गुंजेचं बी अखंड गिळलं तर टणक सालीमुळे बहुधा तसंच बाहेर पडतं. चावलं किंवा भोक पाडलं तर ते जिवावर बेतू शकतं. सोनारांनी ज्यांच्यावर सोनं तोललं, त्या बियांच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात घालणं मला तरी पटत नाही.

फ्लॅटवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. दिवाणखान्यातल्या डिफेनबाकियाच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात. अळूतही तेच असतात. म्हणून तर फदफद्याला चिंच लागते. डिफेनबाकियाचं पान चावलं की जीभ सुजते, आणि सूज फार वाढली तर श्वासही अडतो.

मग उपटायचं का? सरसकट नाही. रांगतं मूल घरात असेल तर बिट्टी, गुंज आणि चंद्रज्योत काढा. कण्हेर ठेवायची तर ठेवा, पण छाटलेल्या फांद्या शेकोटीत घालू नका, त्यांचा धूरही त्रास देतो. आणि गुरांपुढे टाकू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाणी मारा, चोळू नका.

शेवटचं, दवाखान्याचं. मुलानं काही खाल्ल्याचा संशय आला तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. मिठाचीच बाधा होते. तोंडातला चोथा काढा, चूळ भरायला लावा आणि त्या झाडाची पानाफळांसकट एक फांदी पिशवीत घालून न्या. ‘कसलंसं हिरवं फळ होतं’ एवढ्यावर डॉक्टरांना फारसं काही करता येत नाही. फांदी समोर असली, तर बिट्टी असल्याचं कळताच हृदयाचा आलेख काढायला वेळ लागत नाही.