चंदनाचा धनी कोण?



सहाणेवर खोड उगाळताना दरवळतो तो चंदनाचा गाभा. बाहेरचे पांढरे लाकूड निर्गंधच. हा गाभा भरण्यास निदान १५-२० वर्षे लागतात. शिवाय हे झाड अर्धपरोपजीवी. शेजाऱ्याच्या मुळांतून पोषण घेते.

म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनास राजवृक्ष ठरविले. पुढे दोन शतके शेतकऱ्याच्या बांधावरचे चंदनही सरकारचेच. चोरी झाली, तर जाब मात्र शेतकऱ्याला! मग पाखरांनी टाकलेल्या बीजातून उगवलेले रोप तो मुकाट्याने उपटून टाकी. रक्षणाच्या कायद्यानेच झाड घालविले, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्नाटकाने २००१ साली मालकी शेतकऱ्यास दिली खरी. परंतु सागर-सोरबच्या गुडिगार कारागिरांना कोरीवकामासाठी गाभा भरलेले जुने लाकूड आज दुर्मीळ झाले आहे.