एक नाव, तीन हात



आपणांपैकी पुष्कळजण मुरलीपुऱ्याला लागून असलेल्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील कचेऱ्यांतून काम करता. तशी एखादी कचेरी डोळ्यांपुढे आणा. टेबलावर एकच संगणक. हिशेबनीस, भांडारपाल आणि मालकांचे चिरंजीव हे तिघेही त्यात एकाच नावाने प्रवेश करतात, आणि ते नाव असते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. परवलीचा शब्द पडद्याच्या कडेला चिकटविलेला. काम अडू नये, एवढाच यामागील हेतू. या सोयीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे आज मला सांगावयाचे आहे.

एक यंत्र अनेकांनी वापरावे, ही कल्पना जुनीच आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीचे काम आरंभिले. तीत प्रत्येक फाइलीपुढे तीन वर्ग मानले जातात: तिचा धनी, त्याचा गट आणि इतर सारे. वाचणे, लिहिणे आणि चालविणे या तीन क्रियांची परवानगी प्रत्येक वर्गाला निरनिराळी देता येते. गंमत अशी की, छपाईयंत्र किंवा चकती यांसारखी उपकरणेही या प्रणालीत फाइलीच समजली गेली; त्यामुळे कागदपत्राला लागू असणारा नियम यंत्रालाही आपोआप लागू झाला. या साऱ्यांवर एक सर्वाधिकारी खाते असते. त्याला कोणी अडवीत नाही. म्हणूनच रोजच्या कामासाठी ते वापरू नये, असा संकेत आहे. १९७५ साली सॉल्ट्झर आणि श्रोडर या शास्त्रज्ञांनी हाच विचार तत्त्वरूपाने मांडला: ज्याला कामापुरता जितका अधिकार लागतो तितकाच द्यावा, अधिक नव्हे.

घरगुती संगणकांनी मात्र ही शिस्त दीर्घकाळ पाळली नाही. २००१ सालच्या ‘विंडोज एक्सपी’मध्ये प्रथम निर्माण होणारी खाती सर्वाधिकारीच असत. आपल्या कचेऱ्यांची सवय त्या काळातील असावी, असे मला वाटते.

अधिकारांची वाटणी ही आपल्याकडे काही परकी गोष्ट नव्हे. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. तथापि, किल्ल्या दोन असूनही त्या एकाच हाती जमल्या तर काय उपयोग? २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेचा प्रकार उघडकीस आला. परदेशी बँकांना हमी देणारे संदेश ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून गेले होते. परंतु बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच नव्हती, कारण या दोन यंत्रणा परस्परांशी जोडलेल्या नव्हत्या. प्रारंभी जाहीर झालेली रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपयांची होती. संदेश लिहिणारा एक आणि तो तपासणारा दुसरा, हा नियम होता. पण परवलीचे शब्द नको त्या हाती गेल्याचे आरोप त्या वेळी झाले.

आता उपकरणांविषयी. २०१० साली सापडलेला ‘स्टक्सनेट’ हा घातकी कार्यक्रम पेन-ड्राइव्हवरूनही पसरत असे. भारतातील संगणकांनाही त्याची लागण झाली होती. बाहेरून आलेली अशी वस्तू कोणी जोडावी आणि तिच्यावरील कार्यक्रम कोणी चालवावा, हेही खात्याच्या पायरीवरूनच ठरले पाहिजे. सामान्य खात्यात शिरलेल्या घातकी कार्यक्रमाचे हात बव्हंशी त्या खात्यापुरतेच पोहोचतात. सर्वाधिकारी खात्यात त्याला सारे घर मोकळे.

“आमच्यावर विश्वास नाही काय?” असे हिशेबनीस विचारील. त्याला उलट विचारावे: एखाद्या सायंकाळी एक बिल खोडले गेले आणि नोंदवहीत केवळ ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ एवढेच आढळले, तर मालकांचा संशय प्रथम कोणावर जाईल? चिरंजीवांवर खचित नाही. स्वतंत्र नाव ही या नोकराजवळची एकमेव साक्ष होय.

तेव्हा उद्या कचेरीत गेल्यावर तिघांची तीन सामान्य खाती उघडावीत. सर्वाधिकारी खाते केवळ नवा कार्यक्रम बसविण्यापुरते ठेवावे. त्याचा परवलीचा शब्द बदलून पाकिटात मोहोरबंद करावा. आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते अजून चालू आहे काय, ते त्याच बैठकीत पाहून घ्यावे.