शर्करेचें कवच

साखर म्हटली कीं गोडव्याची आठवण होते. परंतु न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूस तीच चिलखताचें काम देते. या जंतूचे शंभराहून अधिक प्रकार असून प्रत्येकाच्या कवचांतील शर्करांची रचना निराळी असते.

बहुतेक प्रकारांत पेशीच्या पटलाच्या आंतल्या बाजूस एका स्निग्ध वाहकावर कांहीं शर्करांची कडी जुळते. ती पटलापलीकडे उलटविली जाते, आणि तेथें कडीस कडी जोडून लांब साखळी होते. या कवचामुळें रक्तांतील भक्षक पेशींस जंतु सहज गिळतां येत नाहींत.

नुसती शर्करा टोचली, तर दोन वर्षांखालील बालकांच्या शरीरांत पुरेसा प्रतिकार उत्पन्न होत नाहीं. म्हणून ती प्रथिनास जोडतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें याच युक्तीनें केलेली मेनिंजायटिसच्या 'अ' गटावरील लस २०१० सालीं बुर्किना फासोमध्यें मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. २०२० सालीं तिनें न्यूमोकोकसच्या दहा प्रकारांवरील लस देशांत आणली.

आज बुलढाणा जिल्ह्यांतील उंद्रीसारख्या गांवांसाठींही राष्ट्रीय कार्यक्रमांत न्यूमोकोकसची लस विनामूल्य आहे: सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यांत. यांतील एकही टोचणी चुकूं देऊं नये. शत्रूचें चिलखत बाळाच्या रक्तास आधींच ओळखीचें असावें, हेंच इष्ट.