चाल, वेग आणि गति

मार्गशीर्षी पौर्णिमेस, दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यांत तापीच्या कांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक घोड्याची ‘चाल’ पाहतें. ती दुडकी आहे कीं रवाल, स्वाराला हिसके बसतात कीं नाहीं, हें पारखतें. घोडा किती जलद धांवतो हा निराळा प्रश्न. त्याच भागांतला शाळकरी मुलगा मात्र पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत वाचतो कीं, एकक काळांत कापलेलें अंतर म्हणजे ‘चाल’! घरीं अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला तर हा दुहेरी फेरा पडतो.

व्यवहारांत आगगाडी वेगानें गेली काय किंवा गतीनें गेली काय, ऐकणाराचें कांहीं बिघडत नाहीं. शास्त्राला मात्र तीन कल्पनांसाठीं तीन शब्द हवे होते. स्थान बदलण्याची क्रिया ती गति. दिशेचा विचार न करतां मोजलेली शीघ्रता ती चाल. आणि दिशेसह मोजला तो वेग.

हा भेद कागदी नाहीं. श्रोत्यांनीं कल्पना करावी कीं, ४०० मीटर परिघाच्या रिंगणांत एक घोडा ४० सेकंदांत फेरी पुरी करून निघाल्या जागीं आला. त्याची सरासरी चाल सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. सरासरी वेग मात्र शून्य; कारण निघाला तेथेंच तो पोंचला. शिवाय चाल अगदीं एकसारखी ठेवली तरी दिशा क्षणोक्षणीं पालटते, म्हणून वेग पालटतो, म्हणजेच त्वरण असतें. आणि तें घडविणारें बल रिंगणाच्या मध्याकडे असतें. जमीन घर्षणानें तें खुरांवर लावते. वळतांना घोडा व स्वार आंत कलतात ते यामुळेंच. चाल आणि वेग एकच समजणाऱ्या विद्यार्थ्याला या बलाचें प्रयोजनच दिसत नाहीं.

‘वेग’ या शब्दांत दिशेचा गंध मुळांत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तो व्याख्येनें लावलेला आहे. ‘चाल’ तर गाण्याला असते, बुद्धिबळांतही असते! तरीहि हे शब्द आंखूड आहेत, पाठ्यपुस्तकांत रुळले आहेत, आणि नवे संस्कृत समास घडविण्यापेक्षां ते बरे. वर्तमानपत्रें मोटारीचा ‘वेग’ ताशी ६० किलोमीटर छापतात तेव्हां ती शास्त्राच्या भाषेंत चालच सांगत असतात. त्यांना सुधारण्याची घाई नको. शिक्षकानें मात्र व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वीं मैदानांत रिंगण आंखून मुलांना एक फेरी धांवावयास लावावें.