कार्बन कर : धूर कोणाचा, भुर्दंड कोणाला?

(जयपूर येथील अभ्यासवर्गात देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे हवेत जाणाऱ्या कार्बनवर कर बसवावा की नाही, याविषयी जगभर वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, धूर महाग केल्याखेरीज तो कमी होणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, असा कर बसला तर उद्योगधंदे बुडतील आणि गरिबांचे हाल होतील. गरिबांविषयीचा हा कळवळा बहुधा मोठ्या कारखानदारांच्या तोंडूनच ऐकू येतो. हा कर अखेर कोणाच्या खिशातून जाणार आणि जमा झालेला पैसा कोणासाठी खर्च होणार, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्ष टाळतात. कष्टकरी जनतेच्या दृष्टीने तोच मुख्य प्रश्न आहे.

तापणारे हवामान ही सुखवस्तूंची चैनीची चिंता आहे, असे निदान राजस्थानात तरी कोणी म्हणू शकणार नाही. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा उन्हात डांबर टाकणारा, विटा वाहणारा, रोजगार हमीच्या कामावर माती उपसणारा मजूर राबत असतो. थंड खोलीत बसून धोरणे आखणाऱ्यांना त्याची झळ लागत नाही. म्हणूनच कार्बनचे उत्सर्जन घटविणे ही कामगार-शेतकऱ्यांची स्वतःची निकड आहे. परंतु निकड खरी आहे म्हणून तिच्या नावाने बसविलेला प्रत्येक कर न्याय्य ठरत नाही.

याचा जुना धडा जयपूरच्या शेजारीच आहे. १८६९-७० मध्ये जयपूर आणि जोधपूर संस्थानांशी करार करून ब्रिटिश सरकारने सांभर सरोवर आपल्या ताब्यात घेतले. मिठावरचा कर बिनबोभाट वसूल करावयाचा तर मिठाचा उगमच हाती असला पाहिजे, हा त्यामागील हिशेब होता. मीठ संस्थानिकालाही लागते आणि वेठबिगारालाही, आणि जवळपास सारखेच लागते. त्यामुळे उत्पन्नाच्या मानाने गरिबावरचा बोजा कितीतरी पटींनी अधिक होता. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी अर्थसंकल्पावरील भाषणात हा कर कमी करण्याची मागणी केली, आणि १९३० मध्ये साऱ्या देशाने तो मोडला. मालाच्या उगमाशी वसूल होऊन किमतीतून खाली झिरपणारा कर म्हणजे अप्रत्यक्ष कर. भरणारा एक आणि सोसणारा दुसरा, हेच त्याचे स्वरूप असते.

कोळशावरील कराची हकीकत याच जातीची आहे. भारतात कार्बन कर नव्हता, हे म्हणणे खरे नाही. १ जुलै २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसविण्यात आला. २०१४ मध्ये तो १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एक युनिट वीज निर्माण करण्यास ढोबळमानाने ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे ४०० रुपयांच्या दराने कोळशाच्या विजेवर युनिटमागे २४ ते २८ पैशांचा भार पडत होता. तो कोणत्याही वीज कंपनीने आपल्या नफ्यातून सोसला नाही. इंधनखर्च म्हणून तो वीजदरात मिसळला गेला आणि ग्राहकाकडून वसूल झाला.

आणि त्या पैशाचे झाले काय? २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीकडे केवळ २९,६४५ कोटी वळते झाले, आणि प्रकल्पांना प्रत्यक्षात मिळाले सुमारे १५,९११ कोटी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तोच ४०० रुपयांचा कर राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करण्यासाठी वापरला जाऊ लागला. पुढे महामारीच्या काळात या भरपाईसाठी कर्ज काढण्यात आले आणि भरपाई उपकराचा पैसा त्या कर्जफेडीकडे गेला. स्वच्छ हवेच्या नावाने जनतेकडून घेतलेला पैसा सरकारी खात्यांतील खड्डे बुजविण्यास वापरला गेला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर रद्द झाला आणि कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. पूर्वीचा उपकर वजनावर होता. नवा कर किमतीवर आहे. टनाला १,५०० रुपये किमतीच्या हलक्या कोळशावर पूर्वी एकूण ४७५ रुपये कर पडे, आता २७० पडतो. ५,००० रुपयांच्या उत्तम कोळशावर ६५० पडत असे, आता ९०० पडतो. म्हणजे अधिक राख सोडणारा हलका कोळसा स्वस्त झाला. प्रदूषण करील त्याने भरावे, या तत्त्वाचा जो काही अंश शिल्लक होता, तोही अशा रीतीने निकालात निघाला.

बोजा खाली ढकलण्याची ही रीत केवळ सवयीची राहिलेली नाही. तिला नियमाचे बळ देण्यात आले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने वीज नियमांत दुरुस्ती केली आणि इंधन व वीजखरेदीच्या खर्चातील वाढ दरमहा आपोआप ग्राहकाच्या बिलात चढविण्याची तरतूद केली. राजस्थानात इंधन अधिभाराविरुद्ध असंतोष एवढा वाढला की, निवडणुकीच्या वर्षी, ३१ मे २०२३ रोजी, गेहलोत सरकारला १०० युनिट मोफत देण्याची आणि दरमहा २०० युनिटपर्यंतच्या ग्राहकांना अधिभार माफ करण्याची घोषणा करावी लागली. या सवलतीने घरगुती ग्राहकांना दिलासा मिळाला. परंतु तिचा खर्च राज्याच्या तिजोरीवर पडला. कोळशाच्या धंद्यातील नफ्याला त्याची तोशीस लागली नाही.

ज्याचा हिशेब बिलात कधीच येत नाही, अशीही एक किंमत आहे. राजस्थानच्या सरकारी वीजकेंद्रांना छत्तीसगडमधील हसदेव अरण्यातून कोळसा येतो. परसा पूर्व-केते बासन ही खाण राजस्थान राज्य विद्युत उत्पादन निगमाच्या नावे आहे आणि ती चालविण्याचे कंत्राट अदानी समूहाकडे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेवचे आदिवासी जंगल वाचविण्यासाठी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले. जयपूरमधील दिव्याची किंमत सरगुजातील आदिवासी आपल्या जंगलाने चुकवीत आहे. महाराष्ट्रातील साथींना हे चित्र अपरिचित नाही. २,९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र साऱ्या राज्याला वीज पुरविते, पण त्याची राख आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. फ्रान्समध्ये मॅक्रॉं सरकारने २०१८ मध्ये धनिकांवरील संपत्ती कर रद्द केला आणि त्याच वर्षी इंधनावरील कार्बन कर वाढविला. १७ नोव्हेंबर २०१८ पासून पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढील नियोजित करवाढ सरकारला डिसेंबरमध्ये मागे घ्यावी लागली. दुसरीकडे, १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी अंतिम टप्प्यात आली आहे. भारतातून जाणाऱ्या पोलाद व ॲल्युमिनियमवरील हा पैसा युरोपच्या तिजोरीत जमा होणार आहे. ज्या देशांनी दोन शतके हवा धुराने भरली, तेच आता तिचे जकातदार झाले आहेत. आणि ऑर्डर कमी झाली की पहिली कुऱ्हाड कंत्राटी कामगारावर पडते.

यावरून कार्बन कराला सरसकट विरोध करावा, असा निष्कर्ष निघत नाही. तसा विरोध कोळसासम्राटांच्याच पथ्यावर पडेल. संघर्ष कराच्या वर्गीय स्वरूपाविषयी आहे. कर खाणमालकांच्या व वीज कंपन्यांच्या नफ्यावर आणि धनिकांच्या चैनीच्या उपभोगावर बसला पाहिजे. तो लहान घरगुती ग्राहक, शेतकरी व यंत्रमागधारक यांच्या बिलात चढविण्यास कायद्याने बंदी असली पाहिजे, आणि आपोआप वाढीचा २०२२ चा नियम रद्द झाला पाहिजे. जमा होणाऱ्या प्रत्येक रुपयाचा स्वतंत्र हिशेब संसदेपुढे आला पाहिजे. तो पैसा सार्वजनिक वाहतूक, सार्वजनिक मालकीची सौर वीज आणि खाणक्षेत्रातील जनता यांसाठीच खर्च झाला पाहिजे. खाण बंद होण्यापूर्वी तेथील कायम व कंत्राटी कामगारांच्या पर्यायी रोजगाराची हमी मिळाली पाहिजे.

या मागण्या परिषदांतील ठरावांनी मान्य होणार नाहीत. वीजबिलाने गांजलेला शेतकरी, खाणीतील कामगार आणि जंगलासाठी लढणारा आदिवासी यांना आज एकमेकांविरुद्ध उभे केले जात आहे. एकाला स्वस्त वीज हवी म्हणून दुसऱ्याचे जंगल तोडले जाते, आणि दुसऱ्याचे जंगल राखावयाचे तर तिसऱ्याच्या कामावर गदा येईल असे सांगितले जाते. या तिघांची एकजूट बांधणे हे किसान सभेच्या, कामगार संघटनांच्या आणि पक्षाच्या प्रत्येक शाखेचे आजचे काम आहे. ती एकजूट उभी राहील, तेव्हाच धुराचे बिल खऱ्या धन्याच्या दारी पोहोचेल.